पृष्ठ ११७ नंतरची १७१ पृष्ठं

पत्र : मी एक अद्भुतरम्य प्रेमकादंबरी लिहिते आहे. इरा नावाची मुलगी तिच्या आवडत्या जुन्या कादंबरीत अडकते. ती कादंबरी २८८ पृष्ठांची, २४ प्रकरणांची. बाराव्या वर्षापासून इराने ती नऊ वेळा वाचली आहे. तिचा जीव जडलाय रुद्रदत्त या दुय्यम सेनानीवर आणि तो दहाव्या प्रकरणात, पृष्ठ ११७ वर मरतो : ‘पहाटे पुलावर रुद्रदत्ताचे शिरस्त्राण सापडले, तो स्वतः मात्र पुन्हा कोणाच्याही दृष्टीस पडला नाही.’ इराला त्याला वाचवायचं आहे. ठरवलेल्या ९०,००० शब्दांपैकी ४६,००० लिहून झाले आणि पुलापाशी येऊन मी थांबले. ज्यांनी वाचलं ते म्हणतात, सुरुवात छान आहे, सातव्या प्रकरणानंतर कंटाळा येतो आणि रुद्रदत्त तिच्या हातातलं बाहुलं वाटतो. शिवाय इरा स्वतःच्या शरीरानिशी आत जाते, पण तिसऱ्या प्रकरणापासून सगळे तिला चंदना नावाची दासी समजतात. तेव्हा ते सोयीचं वाटलं होतं, आता गुंता झालाय. शेवटी तिने परत यावं की आतच राहावं?
— पृष्ठ ११७ वर अडकलेली

उत्तर :

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं काय असेल तर ते पुलाचं वाक्य. ते पुन्हा एकदा सावकाश वाचा. शिरस्त्राण सापडलं. तो कोणाच्या दृष्टीस पडला नाही. तो मेला असं त्यात कुठेही छापलेलं नाही. इराने नऊ वेळा वाचताना मरण आपल्या मनाने त्यात भरलं, आणि पत्रात ‘मरतो’ लिहिताना तुम्हीही तेच केलंत. तुमची राहिलेली अर्धी कादंबरी या फटीत दडलेली आहे.

आधी अडकण्याचं कारण. पूल हा तुम्ही कळस धरलात, म्हणून सगळं लिखाण त्या दिशेने पळत आलं आणि तिथे संपलं. पण ९०,००० पैकी ४६,००० शब्दांवर कळस येत नसतो. तिथे कथा वळण घेते. आतल्या पुस्तकात पृष्ठ ११७ नंतर १७१ पृष्ठं आहेत आणि त्यांत रुद्रदत्ताचा शब्दही नाही. म्हणजे तिथे तो काय करतो, काय बोलतो, कोणावर प्रेम करतो याबद्दल छापील मजकूर गप्प आहे. इराला जे ठाऊक नाही असं सगळं तिथून सुरू होतं. तुम्ही प्रेमकथा चुकीच्या अर्ध्यात बसवलीत. ती पुलाच्या अलीकडे फक्त पेरा, पलीकडे वाढू द्या.

कंटाळ्याचं मूळही हेच. तिसऱ्या ते सातव्या प्रकरणापर्यंत इरा जे सांगते ते दरवेळी खरं ठरत असणार. भविष्य माहीत असलेलं पात्र दोनदा गमतीचं वाटतं, तिसऱ्यांदा वाचक पुढची पानं चाळायला लागतो. उपाय म्हणून तिला विसराळू करू नका, ती लबाडी लगेच कळते. तिचं ज्ञान खरं ठेवा, पण ते वाचकाचं ज्ञान आहे हे लक्षात ठेवा. बारा वर्षांची मुलगी कादंबरी कशी वाचते? रुद्रदत्ताची पानं नऊ वेळा, लढाईची वर्णनं एकदा, तीही उडवत. त्यामुळे त्याच्या भुवईवरचा व्रण तिला तोंडपाठ, पण पूल किती रुंद आहे, पहारा कधी बदलतो, नदीला उतार कुठे आहे याचा पत्ता नाही. आणि त्याचा जीव वाचवायला लागणार आहे ते नेमकं हेच.

तिच्या ज्ञानातली दुसरी फट काळाची. ‘तीन महिने लोटले’ असं काही लेखकाने एका ओळीत उरकलं असेल, पण इराला ते तीन महिने दिवसागणिक काढावे लागतील. तिसरी फट दृष्टिकोनाची. आतली कादंबरी नायकाच्या बाजूने लिहिलेली असेल, तर खलनायकाच्या गोटात काय चाललं होतं ते इराने ऐकलंय ते नायकाच्याच तोंडून. तिथे चूक असू शकते. तिची पाच भाकितं असतील, तर पहिली दोन बिनचूक येऊ द्या. तिसरं अर्धवट, चौथं खरं पण उशिरा, आणि पाचवं खोटं; तेही तिनेच आधी केलेल्या एखाद्या बदलामुळे. पाचवं सातव्या प्रकरणाच्या अखेरीस येऊ द्या. तुमचा वाचक तिथेच तर सुटतोय.

हे सांभाळायला वही लागेल. मूळ कादंबरी कागदावर नसेल तर तिच्यात केलेला बदल वाचकाला दिसतच नाही. बहुतेक अशा कथा इथेच भुसभुशीत होतात. तेव्हा पुढचा शब्द लिहिण्याआधी आतल्या पुस्तकाचा पूर्ण गोषवारा लिहा, जणू इरा तिथे कधी गेलीच नाही. प्रकरणामागे साठ-सत्तर शब्द, म्हणजे २४ प्रकरणांचे दीड हजारांच्या आसपास. मग प्रत्येक प्रसंगासमोर चार रकाने आखा : छापील शब्द काय, इराला आठवतं काय, प्रत्यक्षात घडतं काय, आणि रुद्रदत्ताला यातलं किती माहीत. पहिले तिन्ही रकाने जुळत असतील तर तो प्रसंग चार ओळींत उरका. चौथा रकाना सलग तीन प्रसंग रिकामा राहिला, तर तुमचे वाचक ज्याला बाहुलं म्हणतात ते तिथे तयार होतंय.

आता नियम. आत गेलेल्या वाचकाला काय बदलता येतं हे तुम्ही ठरवलेलं दिसत नाही. काही लेखक मजकूर ताठ ठेवतात : काहीही करा, कथा आपल्या वळणावर परत येते. यात नायिका हतबल होते. काही जण तो पूर्ण लवचीक ठेवतात, मग कशालाच किंमत उरत नाही. तुमच्या वाक्याला साजेसा नियम वेगळा आहे : छापलेला प्रत्येक शब्द अक्षरशः खरा ठरलाच पाहिजे, पण त्याचा अर्थ काय लावायचा ते मोकळं. इराला शिरस्त्राण पुलावर सापडण्यापासून रोखता येणार नाही. मात्र ते कोणी ठेवलं ते तिच्या हातात आहे.

या नियमाने ‘कोणाच्याही’ हा शब्द फार जड होतो. पहाटेनंतर आतल्या पुस्तकातलं कोणतंही पात्र रुद्रदत्ताला पाहू शकणार नाही. इरा पाहू शकते, कारण ती त्या पुस्तकातली ‘कोणी’ नाही. दुसऱ्या अर्ध्यातला सगळा एकान्त तुम्हाला इथून मिळतो, त्यासाठी वेगळी युक्ती शोधावी लागत नाही. आणि वाक्य फक्त दृष्टीबद्दल बोलतं. आवाजाबद्दल नाही. त्याचा धाकटा भाऊ असेल, तर तो बंद दाराआडून त्याचा आवाज ऐकू शकतो. हे दृश्य जरूर लिहा आणि घाईत लिहू नका.

चंदना दासीचा प्रश्न इथेच सुटतो. चिनी वेब-कादंबऱ्यांत या प्रकाराला ‘छुआन-शू’ म्हणतात, पुस्तकात शिरणं. त्यांत बहुतेकदा वाचक एखाद्या पात्राच्या देहातच जागा होतो. कोरियन वाचक देह ताब्यात घेण्याच्या प्रकाराला ‘बिंगुई’ म्हणतात. त्या शब्दाचा मूळ अर्थच अंगात येणं, झपाटणं असा आहे. जपानी कथांत नायिका अनेकदा खलनायिकेच्या जागी जाऊन पडते. देह घेतला की त्याच्यासोबत एक कर्ज येतं : ज्या मुलीचा देह आहे ती कुठे गेली? आणि रुद्रदत्ताने प्रेम केलं ते कोणावर? याचं उत्तर द्यायची तयारी असेल तरच तो मार्ग घ्यावा. तुमच्याकडे देह घेतला तर सगळाच डाव मोडतो, कारण चंदना छापील पात्र आहे, म्हणजे ‘कोणी’ आहे. पूल ओलांडताच तिला रुद्रदत्त दिसणं बंद होईल. तेव्हा इराला स्वतःच्याच शरीरात ठेवा. लोकांनी तिला चंदना समजण्याचा भाग काही प्रकरणांपुरता गैरसमज म्हणून राहू द्या आणि खरी चंदना समोर आणून तो मोडा. तो प्रसंग सहाव्या प्रकरणात चांगला बसेल.

बाहुल्याच्या तक्रारीकडे येते. त्यातलं दुखणं खोल आहे आणि वाचकांनी ते बरोबर हेरलंय. इराने रुद्रदत्ताचं मन वाचलेलं आहे. तो रात्री एकटा असताना काय विचार करतो, कशाने मोडतो, काय ऐकून विरघळतो, हे सगळं तिने त्याच्या नकळत, त्याला न विचारता वाचलं. त्या माहितीवर ती त्याला जिंकत गेली तर ते प्रेम राहत नाही, कुलपाची किल्ली चोरल्यासारखं होतं. लेखिका म्हणून तुम्हाला ती गोड वाटते, कारण तिचा हेतू चांगला आहे. वाचकाला मात्र त्याच्या बाजूची असहायता दिसते.

म्हणून एक गोष्ट पाळाच : प्रेमाची कबुली किंवा जवळीक येण्याआधी त्याला कळलं पाहिजे की ती वाचक आहे. हा प्रसंग पूल ओलांडल्यावर लगेच, ५०,००० ते ५५,००० शब्दांच्या दरम्यान यावा. तो तिने ठरवून सांगण्याऐवजी तिच्या चुकीने बाहेर पडला तर जास्त बळ येतं. समजा पृष्ठ ८८ वर तो भावाबद्दल मनातल्या मनात काही म्हणतो. कोणाशीच बोललेला नाही. इरा त्याचं सांत्वन करायला जाते आणि तेच शब्द तिच्या तोंडून निघतात. त्यानंतर त्याने ‘म्हणजे मी खरा नाही?’ असं विचारू नये. हा प्रश्न या प्रकारच्या कथांत इतका वापरला गेलाय की त्याची धार गेली आहे, आणि माणूस तसा विचारही करत नाही. स्वतःच्या खरेपणाबद्दल कोणाला शंका नसते. तो विचारेल ते असं काहीतरी : अजून काय काय वाचलंत? ते आणखी कोणी वाचलंय? त्याला संताप यावा, लाज वाटावी, आणि निदान एक पूर्ण प्रकरण त्याने तिच्यापासून दूर राहावं. परतताना त्याच्या मागण्या असाव्यात. वाचलेलं पुन्हा माझ्यावर वापरायचं नाही. तुमच्याबद्दलचं असं काही सांगा, जे तुम्ही कोणाला सांगितलेलं नाही.

त्याआधीच्या प्रकरणांतही एक दुरुस्ती करा. रुद्रदत्ताचा सहभाग असलेल्या प्रत्येक प्रसंगात त्याला काहीतरी हवं असू द्या आणि त्याचा इराशी संबंध नसू द्या. तीन ठिकाणी तरी त्याने तिचं ऐकू नये, आणि त्यांतल्या एका ठिकाणी तोच बरोबर निघावा.

भाषेबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण मराठीत ही कथा लिहिण्याचा मोठा लाभ तिथेच आहे. आतलं पुस्तक जुनं आहे, तर त्याचे उतारे छापील वळणात ठेवा : ‘केले, गेले, म्हटले, सापडले’. बाहेरचं, म्हणजे इराचं निवेदन बोलीच्या वळणात : ‘केलं, गेलं, म्हटलं’. हे तंतोतंत पाळलंत तर तिरपा टाइप, चौकट, वेगळा फॉण्ट यांची गरज उरत नाही. एका शेपटावरून वाचकाला कळतं की आपण कुठल्या पुस्तकात आहोत. उतारे मोजून दहा-बारा ठेवा, बहुतेक २० ते ४० शब्दांचे, एखादाच १०० पर्यंत. त्याहून जास्त झाले की वाचक ते उडवतो, जशी इरा लढाया उडवत होती. पुलाचं वाक्य पूर्ण स्वरूपात तीनदा यावं : पहिल्या प्रकरणात, पुलावर, आणि शेवटी. प्रत्येक वेळी एकही अक्षर बदलू नका. शुद्धलेखन तपासणाऱ्याला तसं लिहून द्या, नाहीतर कोणीतरी चांगल्या हेतूने ‘सापडले’चं ‘सापडलं’ करून ठेवेल आणि तुमचा सगळा नियम कोसळेल.

संबोधनाचंही तसंच. इराच्या मनात तो बाराव्या वर्षापासून ‘तू’ आहे. त्याच्या लेखी ती अनोळखी स्त्री आहे, म्हणून तो ‘आपण’ म्हणतो : ‘आपण येथे कशा आलात?’ या दोन शब्दांमध्ये जेवढं अंतर आहे तेवढंच त्यांच्या ज्ञानातलं अंतर आहे, हे वाचकाला न सांगता जाणवतं. इराची जीभ एकदा घसरून ‘तू’ निघून जाऊ द्या, दुसऱ्या-तिसऱ्या भेटीतच, आणि त्याला ते खटकू द्या. पुलानंतर तो ‘तुम्ही’वर येतो, त्याची वाक्यं लहान होतात, ‘येथे’चं ‘इथे’ होतं, कारण आता त्याचे शब्द कोणी लिहून ठेवलेले नाहीत. पृष्ठ ८८ वरच्या शब्दांवरून होणाऱ्या भांडणात तो पुन्हा ‘आपण’वर जातो, त्याहून थंड काही नसेल. ठरवून ‘तू’ पहिल्यांदा त्याने म्हणायचं, इराने नाही, आणि ७०,००० शब्दांच्या आधी नाही. त्या ओळीत दुसरं काही घालू नका. चंद्र नको, वारा नको.

आत जाण्याची पद्धत. वीज, भिंगातून पडलेला उजेड, गूढ म्हातारा यांपैकी काही असेल तर काढा. प्रवेशाला १,२०० शब्द पुरे. पण ज्या वाटेने ती आत जाते, त्याच वाटेने बाहेर पडता यायला हवं, आणि ती वाट पुस्तकाच्या बांधणीत सापडते. जुनी शिवलेली पुस्तकं सोळा पृष्ठांच्या फॉर्मनी बनतात. एका मोठ्या कागदाच्या दोन्ही बाजूंना मिळून १६ पृष्ठं छापतात, त्याला तीन घड्या घालतात, आणि घडीच्या मध्यावर शिवतात. त्यामुळे दोरा दिसतो तो फक्त प्रत्येक फॉर्मच्या मध्यावर. २८८ पृष्ठांत १८ फॉर्म, म्हणजे दोरा दिसण्याच्या जागा १८. आठव्या फॉर्ममध्ये पृष्ठं ११३ ते १२८ येतात, मध्य १२० आणि १२१ च्या मधे. प्रकरणामागे १२ पृष्ठं धरली तर दहावं प्रकरण १२० वर संपतं आणि अकरावं १२१ वर उघडतं. दोन प्रकरणांच्या मधे, जिथे काहीच छापलेलं नाही, तिथे दोरा. याहून चांगलं दार तुम्हाला मिळणार नाही. फक्त प्रत शिवलेली असल्याचा उल्लेख आधी करा, कारण हल्लीच्या डिंकाने चिकटवलेल्या पुस्तकांत दोरा नसतो. शीर्षकपान वेगळं धरा आणि पृष्ठक्रमांक पहिल्या फॉर्मपासून, पहिल्या प्रकरणासोबतच सुरू होतात असं माना, म्हणजे हिशोब चुकत नाही.

याच फॉर्मचं आणखी एक गुपित वापरता येईल. कागदाला तीन घड्या घाला, कडा न कापता पृष्ठांवर १ ते १६ आकडे घाला आणि उलगडून पाहा. १ च्या शेजारी १६, ४ शेजारी १३, ५ शेजारी १२ असे आकडे दिसतील. प्रत्येक जोडीची बेरीज १७. आठव्या फॉर्ममध्ये हीच बेरीज २४१ होते. म्हणजे पृष्ठ ११७ आणि पृष्ठ १२४ पुस्तकात सात पृष्ठं लांब वाटली तरी छपाईच्या कागदावर एकमेकांना चिकटून आहेत. पहाटे पुलावरून दिसेनासा झालेला माणूस पृष्ठ १२४ वर निघू शकतो. तेव्हा १२४ वर एखादी ओस जागा आधीच पेरून ठेवा : ‘तो घाट ओस पडला होता, तेथे कोणी फिरकत नसे.’ ही उडी पूर्ण कादंबरीत दोनदाच वापरा. तिसऱ्यांदा वापरलीत की ती सोय होते.

शेवट. इरा आत राहिली आणि तिचं नाव त्या पुस्तकात उमटलं, तर ती ‘कोणी’ होईल आणि तो तिच्या दृष्टीस पडणार नाही. ‘आतच राहावं’ हा पर्याय तुमच्याच वाक्याने बंद केलाय, आणि ही अडचण मौल्यवान आहे. ८०,००० शब्दांच्या सुमारास तो धोका दाखवा : कोणीतरी तिला नावाने हाक मारू लागतं, आणि तिच्या निवेदनात मधूनच एखादं ‘गेले’, एखादं ‘म्हटले’ यायला लागतं. इराला ते लक्षात येऊ नये. वाचकाला यावं.

ती एकटी परतली तर कथा पूर्ण होते, पण प्रेमकादंबरी म्हणून हातात घेतलेल्याला फसल्यासारखं वाटेल. माझं मत तिसऱ्या बाजूने आहे. रुद्रदत्त दोऱ्याच्या वाटेने तिच्यासोबत बाहेर येतो. मग आतल्या पुस्तकात तो खरोखरच पुन्हा कोणाच्याही दृष्टीस पडत नाही, आणि पहिल्या प्रकरणात छापलेलं वाक्य जसंच्या तसं खरं ठरतं. वाचक मागे जाऊन ते पुन्हा वाचेल.

याची किंमत त्याने मोजायची आहे. भाऊ १७१ पृष्ठं त्याची वाट पाहतो, आणि त्याला आता दाराआडचा आवाजही मिळणार नाही. म्हणून बाहेर यायचा निर्णय त्याचाच हवा, सगळं माहीत असताना घेतलेला, आणि इराने त्या वेळी एक शब्दही बोलू नये. निघण्याआधी त्याला भावाच्या दाराशी न्या. पृष्ठ ८८ वर जे तो मनात म्हणाला होता, ते या वेळी मोठ्याने म्हणू द्या.

कामाचा क्रम असा ठेवा : आधी गोषवारा, मग रकाने, मग पुलाचं दृश्य नव्याने. लिहिलेल्या ४६,००० शब्दांना तोवर हात लावू नका. त्यांतले दहा-बारा हजार जातील, पण कोणते ते रकाने भरल्यावरच दिसेल. पुलाचं दृश्य शिरस्त्राणापासून सुरू करा. ते तिथे कोणी ठेवलं, रुद्रदत्ताने की इराने, एवढं ठरलं की पुढचं प्रकरण लिहायला बसता येईल.